खाडीपलीकडची गादी

बारा दिवसांची सफर संपत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट पिरेअस बंदराला लागणार होती आणि झाम्बेता मनातल्या मनात सुटले बाई म्हणत होती. सुटकेचं कारण एकच. बोट तिच्या माहेरच्या बेटावर थांबली नव्हती. मेलबर्नला घरी असतानाच तिने नकाशा तीनदा तपासला होता आणि मगच थोरल्या बहिणीला फोन केला होता. "आर्गिरो, आमची बोट आपल्याकडे येत नाही गं. पिरेअसला उतरायचं आणि तसंच विमानतळावर." तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं.

दुपारच्या जेवणावर तिच्या नवऱ्याने, स्ताथिसने, खिशातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "आरेतीने शेवटच्या दिवशी द्यायला सांगितलं होतं," तो म्हणाला. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही सफर लेकीनेच दिली होती. आता आणखी काय?

चिठ्ठीत लिहिलं होतं, "आई, एवढ्यात घरी यायचं नाही. तुझ्या स्वतःच्या बेटावर तीन दिवस राणीसारखी राहा. खोलीला वेगळा तलाव आहे, हॉटेलची बोट न्यायला येईल. रोज फोटो पाठव."

झाम्बेताने चिठ्ठी दोनदा वाचली. हॉटेलचं नाव वाचलं, खाडीचं नाव वाचलं. हॉटेल तिच्या गावाच्या बरोब्बर समोर होतं.

"किती गुणाची पोर!" स्ताथिस म्हणाला.

"गुणाची, हो. माझं मरण पैसे भरून घेतलंय तिने."

झाम्बेताला लागलेलं भय काही उगाच नव्हतं. सात वर्षांपूर्वी तिची आई गेली. आमच्या बेटावर माणूस आज गेलं की उद्या पुरतात. मेलबर्नहून पोचायची सोयच नाही. झाम्बेता चाळिसाव्या दिवसाच्या विधीला आली. आर्गिरोने आईच्या खोलीत बिछाना घालून ठेवला होता. पण स्ताथिसला दम्याचा त्रास, घर बायकांनी गच्च भरलेलं, धूप, मेणबत्त्या. दोघं बंदरावरच्या हॉटेलात जाऊन झोपले. दोनच रात्री. आर्गिरो तेव्हा एक शब्द बोलली नाही. परत निघताना मात्र धक्क्यावर, सगळ्या गावासमोर म्हणाली, "आईचं घर उघडं असताना तू भाड्याच्या खाटेवर झोपलीस. आता तिकडंच तुझं घर." त्यानंतर सहा वर्षं फोन उचलला जायचा आणि ठेवला जायचा.

आमच्या बेटावर घर आईकडून थोरल्या लेकीला जातं. घराबरोबर घरच्यांना निजवायची जबाबदारीही जाते. माणसाने बोकड चोरला तर गाव विसरेल एक वेळ, पण सख्खी बहीण असताना हॉटेलात उतरला तर त्याची गोष्ट होते आणि ती नातवंडांपर्यंत पुरते. आर्गिरोने ती गोष्ट सहा वर्षं पिठाच्या गिरणीत, चर्चच्या ओट्यावर, सगळीकडे मान खाली घालून ऐकली होती. या ईस्टरला तिनेच फोन केला. "ख्रिस्त उठला, बेता." बेता म्हणून आईच हाक मारायची. दोघी ढसाढसा रडल्या. त्याला पाच महिनेही झाले नव्हते.

"मग कळव तिला, येतोय म्हणून," स्ताथिस म्हणाला.

"आणि ती म्हणाली, हॉटेल सोडा, घरी या?"

"नको बाबा! त्या घरात उभा राहिलो तर तुळई डोक्याला लागते, आणि बसलो तर तुझ्या बहिणीची जीभ."

"आणि आरेती? पोरीने केवढ्या हौसेने केलंय."

"मग हॉटेलात राहू आणि दुपारी भेटून येऊ."

"ते तर सगळ्यात वाईट! तिच्या हातचं गोड खायचं, पाणी प्यायचं, आणि उठून झोपायला तिकडे जायचं? त्यापेक्षा तोंडावर थुंक की सरळ."

"मग नकोच सांगू," स्ताथिसने हात झटकले. "तीन दिवसांचा प्रश्न. मोठी टोपी घाल. कोण बघतंय?"

कोण बघतंय म्हणे! हा माणूस पात्रासचा, शहरातला. बेटावर कोण बघत नाही, ते विचारावं. पण घाबरलेल्या माणसाला सोपं तेच खरं वाटतं. झाम्बेताने पिरेअसला उतरल्यावर सगळ्यात आधी टोपी घेतली, ताटाएवढी.

बेटावर हॉटेलात पोचताच गार पाण्याचे पेले आले, लिंबाच्या फुलांचा वास लावलेले रुमाल आले. स्वागताला ख्रिसावी नावाची पस्तिशीची बाई होती, हसतमुख. दोघांचे पासपोर्ट घेताना तिने झाम्बेताचं बोलणं ऐकलं आणि तिचे डोळे चमकले.

"अगंबाई, तुम्ही तर आपल्याकडच्यासारख्या बोलता! कुणाच्या हो तुम्ही?"

आमच्याकडे नाव नंतर विचारतात, कुणाची ते आधी. झाम्बेताने टोपी पुढे ओढली. "मी... किथिराची," ती म्हणाली. किथिरा बेट कुठल्या कुठे, तिने आयुष्यात पाहिलेलंही नव्हतं.

ख्रिसावीने हातातल्या पासपोर्टकडे पाहिलं, मग टोपीकडे. "असं होय," ती म्हणाली. "छान आहे किथिरा."

तासाभराने खोली मिळाली. खोली कसली, राजवाडाच होता. पलंग इतका रुंद की नवरा शोधावा लागावा. उशा पाच प्रकारच्या, हवी ती मागायची. बाहेर गच्ची, गच्चीला लागून तलाव, आणि तलावाच्या पलीकडे, खाडी ओलांडून, वारा इकडचा असला तर हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर, तिच्या आईचं घर.

झाम्बेता दारातच थबकली. तीच पांढरी भिंत, तेच अंजिराचं झाड, त्याच पायऱ्या. आणि गच्चीत काळ्या कपड्यांतली एक आकृती गादी ओढत होती. आर्गिरोचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून ती काळ्यातच. तिने ती जड लोकरीची गादी कठड्यावर टाकली आणि काठीने झोडायला लागली. आधी काठी पडायची आणि मग आवाज यायचा.

"स्ताथिस, गादी काढलीय तिने."

"काढू दे," तलावातून आवाज आला. स्ताथिस पोट वर करून तरंगत होता. "गाद्या काढतातच लोक."

"आईची गादी आहे ती. पाहुणा असल्याशिवाय निघत नाही. कोण येणार असेल?"

त्या दिवशी तिला घास गेला नाही. जेवणात कोळंबी होती, कालवं होती, नाव न कळणारं बरंच काही होतं. प्रत्येक वाढप्याकडे ती तिरक्या नजरेने पाही, याची आई कोण असेल म्हणून. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आरेतीला पाठवायचा फोटो काढताना स्ताथिस म्हणाला, "हस की जरा, सुळावर चढवल्यासारखी काय उभी आहेस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या ती पडद्याच्या फटीला डोळा लावून बसली. आर्गिरो पायऱ्यांना चुना लावत होती. ईस्टर होऊन पाच महिने होत आले, गावची जत्रा पुढच्या महिन्यात. आता कसला चुना? गुडघ्यांवर बसून बाई एकेक पायरी उतरत होती. बहात्तर वर्षांची, गुडघे केव्हाच गेलेले. मध्येच थांबून कंबर धरी आणि पुन्हा कुंचला बुडवी. झाम्बेताचे हात शिवशिवले. आणि इथे ती होती मऊ झग्यात, पायात हॉटेलच्या सपाता, कुणीतरी सोलून आणून दिलेलं अंजीर हातात. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. अंजीर तिने तसंच बशीत ठेवलं.

"तिला कोणीतरी हवंय मदतीला," ती म्हणाली.

"जा मग," स्ताथिस म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून पुन्हा तलावात शिरला.

दुपारी तर कहरच झाला. झाम्बेता तलावात गळ्यापर्यंत उभी होती, निदान तेवढा तरी उपभोग घ्यावा म्हणून, आणि मागच्या वाटेवरून कुणीतरी हॉटेलच्या मुलीला विचारलं, "पोरी, चीज कुठे ठेवू?" तो आवाज तिने नरकातसुद्धा ओळखला असता. कीरा मारूसो, म्हणजे मारूसोबाई! भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण, आठवड्याला हॉटेलात चीज घालणारी, गावचं वर्तमानपत्र. झाम्बेताने नाक धरलं आणि बुडी मारली. खलाशाची लेक, पण पाण्यात दम नाही. कान गच्च, छाती फुटायला आलेली, आणि वर ती ताटाएवढी टोपी ऐटीत तरंगतेय.

ती वर आली तेव्हा मारूसो फाटकापाशी पोचली होती. पाठमोरीच, न वळता, मोठ्याने म्हणाली, "कुणाची तरी टोपी पडलीय गं पाण्यात. काढा, भिजेल."

झाम्बेता खोकत काठाला लटकली. पाहिलं का तिने? पाहिलं असतं तर गप्प बसली असती? कीरा मारूसो आणि गप्प? छे! तिने स्वतःची समजूत घातली. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसं.

तिसऱ्या दिवशी दोनची बोट होती. बॅगा भरून झाल्या. झाम्बेताने देवाचे आभार मानले आणि शेवटचं म्हणून पडदा सारला.

समोर कपड्यांच्या दोरीवर काहीही नव्हतं. कठड्यावर गादी नव्हती. पायऱ्या उन्हात पांढऱ्या फटक दिसत होत्या. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर आर्गिरो बसली होती. हातात सुई नाही, शेंगा नाहीत, काही नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, तोंड हॉटेलकडे करून नुसती बसली होती.

झाम्बेताने आर्गिरोला उभ्या आयुष्यात रिकामी बसलेली पाहिलं नव्हतं. आईच्या चाळिसाव्यालासुद्धा तिच्या हातात काहीतरी होतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. आर्गिरो हलली नाही. आणि मग झाम्बेताला एकदम कळलं, ती गादी कुणासाठी होती ते.

"तिला माहितीय," ती म्हणाली. पडदा सोडून पलंगावर बसली. "स्ताथिस, तिला पहिल्या दिवसापासून माहितीय. तीन दिवस ती वाट बघतेय आपली."

स्ताथिसने बूट चढवले.

खाली ख्रिसावीने काही विचारलंच नाही. हॉटेलची छोटी बोट धक्क्याला तयार होती. "पासपोर्टवर जन्मगाव छापलेलं असतं, कीरा झाम्बेता, आणि मेलबर्नची झाम्बेता आमच्याकडे एकच," तेवढंच ती हळूच म्हणाली. "मी कीरा आर्गिरोंना फोन केला होता, आनंदाची बातमी म्हणून. किथिराचंही हसत सांगितलं. मला काय माहीत..." आणि तिचे डोळे भरून आले.

चुना अजून कोरा होता. झाम्बेता पायरीच्या कडेकडेने चढली. आर्गिरो उठली नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "किथिराहून?"

"आर्गिरो, पोरीने..."

"वारा बरा होता का किथिराला?"

"मार मला, पण असं बोलू नकोस."

"मारू? कठड्यावर झोडली ना गादी. ऐकलं नाहीस?" आर्गिरो म्हणाली. "तीन दिवस टोमॅटो भरतेय. तीन दिवस! तिघांचे. रोज संध्याकाळी मारूसोच्या कोंबड्यांना. म्हटलं, आज येईल. म्हटलं, दमली असेल, उद्या येईल. मी कशी बोलावू? बोलावल्यावर आलेली बहीण काय कामाची?"

"भीती वाटली गं तुझी," झाम्बेता म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "पुन्हा फोन ठेवशील म्हणून. या वेळी ठेवला असतास तर पुन्हा उचलायला आपण दोघी असतो का?"

आर्गिरोने एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. मग तिने स्ताथिसकडे पाहिलं. "तू आत जा. टोमॅटो आहेत. तुळई तिथेच आहे, वाक." स्ताथिस वाकून आत गेला.

"बोट किती वाजता?"

"दोनला."

"आता बारा." आर्गिरो उठली, झाम्बेताचं मनगट धरून तिला आईच्या खोलीत घेऊन गेली. पलंगावर आईने विणलेली झालरीची चादर होती, दोन उशा, उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर झाकण. "बूट काढ."

"आता? बारा वाजता?"

"काढ म्हणते ना. नीज."

"अगं, मला तुझ्याशी बोलायचंय, आणि दोन तासांनी..."

"बोलणं फोनवर होतं. निजणं फोनवर होत नाही. आडवी हो."

झाम्बेता आडवी झाली. लोकरीच्या गादीला उन्हाचा वास होता, आणि मधोमध आईच्या पाठीचा खळगा तसाच होता. आर्गिरोने तिच्या अंगावर चादर ओढली, अगदी हनुवटीपर्यंत, आणि खिडकीची फळी लावून घेतली. मग दार ओढून पुन्हा पायरीवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने बाहेर कीरा मारूसोचा आवाज आला. "आर्गिरो! काय गं, कुणी आलंय का तुमच्याकडे?"

"हळू बोल, मारूसो," आर्गिरो म्हणाली, आणि तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "माझी बहीण आलीय मेलबर्नहून. आत झोपलीय."