तीन ऋतूंचं निळं कापड

एक वर्ष! वर्षभर त्या खिडकीपाशी मी जीव मुठीत धरून वावरले, आणि हाती काय आलं? कोरं करकरीत निळं कापड. नावालासुद्धा पट्टा नाही.

एरवी मी चिंध्यांचा लगदा करून कागद करते. हे काम वेगळं होतं. काचेला बाहेरून काळ्या कागदाच्या तीन रुंद पट्ट्या चिकटवल्या. आत कच्च्या रंगाचं कापड पुठ्ठ्यावर ताणून, काचेकडे तोंड करून टांगलं. उन्हाळा लागला तशी एक पट्टी काढली, पावसाळ्यात दुसरी, हिवाळ्यात तिसरी. चित्र उन्हाने काढायचं, मी नाही. म्हणून वर्ष संपेपर्यंत कापड उलटून बघायचं नाही, अशी अटही मीच घातली. हौस दांडगी ना! सोमवारी प्रदर्शन, भिंतीवर माझं नाव लागलेलं, आणि त्या नावाखाली टांगायला एवढं एकच काम.

"बाबा, या खिडकीला कोणी हात लावला?"

बाबा चाळीस वर्षं शिंपी. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "मीच. अगं, उन्हात कापड उडतं. तू कामावर निघालीस की मी मध्ये जुना पडदा सोडायचो, यायच्या आत काढून ठेवायचो. बघ, रंग कसा राहिलाय!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उडायलाच टांगलं होतं, बाबा! विचारायला काय तोंड दुखत होतं?"

"विचारलं असतं तर ओरडली असतीस."

कपाळ माझं! पण तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं, पट्ट्या तर काचेवर होत्या. म्हणजे ऊन पडद्यावर पडलं. तिन्ही ऋतू पडद्यावर उठले असणार!

"बाबा, तो पडदा कुठाय?"

"तो होय? पार विटला होता, पट्टेपट्टे पडलेले. चिंध्यांच्या पिशवीत टाकला. परवा तूच नेलास की लगद्याला."

आठवला. एक पट्टा फिकट, दुसरा जरा बरा, तिसरा गडद. 'काय भिकार रंग' म्हणत मीच त्याचे बोटबोट तुकडे केले होते, भिजवून कुटले होते. दोरीवर त्याचेच कागद वाळत होते, सगळे एकसारखे राखाडी.

मी जमिनीवर बसले आणि चक्क भोकाड पसरलं. बाबा घाबरले. सुई गादीला टोचून जवळ आले, डोक्यावरून हात फिरवायला लागले.

"रडू नकोस गं. एका पडद्याचं काय एवढं? उद्याच नवा शिवून देतो. पक्क्या रंगाचा, जन्मात उडायचा नाही."