घोड्याचे चार बोल्ट

त्या घरातल्या वॉशिंग मशीनला सगळे घोडा म्हणायचे. कपडे खळबळून होईपर्यंत ते गरीब गाईसारखं असायचं, पण पिळायची वेळ आली की उधळायचं. आधी जागच्या जागी थरथरायचं, मग पाय आपटायचं, आणि कुणी वेळेवर धावलं नाही तर नळी ताणत न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत यायचं. म्हणून घरात एक रीतच पडली होती. खडखडाट सुरू झाला की आईनं स्वयंपाकघरातून ओरडायचं, "घोडा उधळला!" आणि भिंगरीनं हातातलं काम टाकून पळत जायचं नि मशीनवर उडी मारून बसायचं. भिंगरी म्हणजे त्या घरातली एकुलती एक लेक. तिनं कॉलेजचा निम्मा अभ्यास त्या घोड्यावर बसून केला आणि वर पहिल्या वर्गात पासही झाली.

आता घोडा असा का, तर त्याला कारण तिचे वडील. छापखान्यात छपाईआधीचे कागद तपासण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याच्या लिखाणातली चूक त्यांना अंधुक उजेडातही दिसायची. सगळे त्यांना तपासनीस म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. मशीन घरी आलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, उद्या माणूस येऊन बसवून देईल. तपासनिसांना कुठला दम निघतोय? "त्यात काय एवढं? सोबत पुस्तिका आहे ना!" पुस्तिका त्यांनी खरोखरच वाचली, पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. छपाईच्या ढीगभर चुका काढल्या, समासात दुरुस्त केल्या आणि ती कंपनीला पोस्टानं पाठवून दिली. कंपनीनं साधे आभारही मानले नाहीत म्हणून बरेच दिवस धुसफुसत होते. पुस्तिकेत सांगितलं काय होतं, हे मात्र त्यांना विचारू नका. नळी लावली, प्लग लावला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पुढे भिंगरीची आई गेली. मग भिंगरीचं लग्न झालं आणि ती समुद्रापलीकडच्या एका शहरात राहायला गेली. घरात उरले तपासनीस आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. अक्काला ऐकू यायचं कमी आणि बोलायला लागायचं जास्त.

लेक गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी घोडा उधळला आणि ओरडायलाही कुणी नव्हतं, धावायलाही. तपासनीस स्वतः गेले. कसेबसे वर चढले, पाय लोंबकळत बसले, आणि त्यांना एकाएकी इतकं भरून आलं की काय करावं कळेना. तिची खोली उघडायचं ते टाळत होते, तिच्या आवडीची भाजी आणायचं टाळत होते, पण या घोड्याला कसं टाळणार? खिशात फोन होता. पण नुसता फोन करायचा म्हणजे काय बोलायचं? फोन कामासाठी असतो, असं त्यांचं आयुष्यभराचं मत. मग त्यांच्या लक्षात आलं की काम आहे की!

"भिंगरे, घोडा उधळलाय. मी बसलोय वर. म्हटलं, तुला सांगावं."

पलीकडून ती इतकी हसली, इतकी हसली, की तो आठवडा त्यांचा बरा गेला.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी तेच. पिळणं सुरू झालं की तपासनीस वर, फोन कानाला. ते तिला इकडचं सगळं सांगायचे. शेजारच्यांनी दाराला रंग कसला भयंकर दिलाय, अक्का पेपरवाल्याशी कशी भांडली. खालून मशीन असं हादरवायचं की त्यांचा आवाज थरथरत, उड्या मारत बाहेर पडायचा आणि तिला हसू यायचं. त्यात एक सोयही होती. कधी बोलता बोलता गळा दाटून आला तरी आवाज कशानं कापतोय हे कुणाला कळणार होतं? बिल मशीनच्या नावावर फाटायचं. त्या खडखडाटात तिचं निम्मं बोलणं त्यांना ऐकूच यायचं नाही, पण तिचा सूर कानावर पडायचा, आणि त्यांना तेवढा पुरायचा. मधून मधून "हो, हो" म्हणायचं, शेवटी "बरं, बरं" म्हणायचं, तोवर पिळणं संपायचं आणि फोनही.

एकच गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती. इतकी वर्षं झाली, पण लेकीनं एकदाही म्हटलं नव्हतं, बाबा, इकडे या. त्यांनी पासपोर्ट नवा करून ठेवला होता. तिकडे थंडी फार म्हणून जाड स्वेटर घेऊन ठेवला होता. आपण होऊन विचारायचं मात्र जिवावर यायचं. तिचा संसार, तिचं घर, आपण कशाला मध्ये लुडबुडायचं? पण तिनं नुसतं एकदा म्हणावं. यावं असं म्हणायचीही गरज नाही, याल का म्हटलं तरी चाललं असतं.

"बोलावलं का रे पोरीनं?" अक्का दर रविवारी विचारायची.

"बोलावेल."

"तोवर आपल्याला वरूनच बोलावणं येईल," असं म्हणून अक्का कपडे वाळत घालायला जायची.

आणि मग एका सकाळी घोडा उधळला नाही, किंचाळला. आतून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला, जळका वास आला आणि मशीन गप्प झालं. तपासनीस वर बसलेले, फोन लावायच्या बेतात. त्या रविवारी फोन झालाच नाही.

मेकॅनिक आला तो बोलतच आला. आल्या आल्या त्यानं मशीन पुढे ओढलं, मागे वाकून बघितलं, आणि त्याचं बोलणं थांबलं.

"काका, हे कुणी बसवलं होतं?"

अक्कानं भावाकडे बोट दाखवलं.

"अहो, हे चार बोल्ट मागचे. हे प्रवासापुरते असतात. वाटेत आतला ड्रम हिंदकळू नये म्हणून आवळलेले. घरी आणलं की आधी हे काढायचे! तुम्ही इतकी वर्षं ड्रम बांधून ठेवलाय. तो बिचारा हलणार कसा? मग सगळं मशीनच हलतं. बेअरिंगचा चुरा झालाय आतमध्ये."

"काय म्हणतोय?" अक्कानं विचारलं.

"म्हणतोय, कंपनीची चूक आहे!" तपासनीस तिच्या कानाशी ओरडले.

"मला कमी ऐकू येतं. दिसतं सगळं," अक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं न्हाणीघरात सगळा पसारा मांडला. ड्रम बाहेर काढला, बेअरिंग ठोकून काढलं, नवं बसवलं, रबराचं सील बदललं. पुढच्या छोट्या झाकणाआडची जाळी काढली, तर तिच्यात गुंतवळ आणि बटणांचा लगदा. "ही महिन्यातून एकदा धुवायची बरं का," त्यानं बजावलं. तपासनीस दारात उभे राहून बघत होते. त्यांना त्या चार बोल्टांवरून नजर हलवता येत नव्हती.

"हे परत लावता येतील का?" त्यांनी हळूच विचारलं.

"घर बदलताय का?"

"नाही. असंच. म्हणजे आवाज पहिल्यासारखा यावा म्हणून."

मेकॅनिकनं हातातला पाना खाली ठेवला. "काका, लोक मला आवाज घालवायला बोलावतात."

घोडा उधळला नाही तर वर बसायचं कशाला, आणि बसायचं नाही तर फोन कोणत्या कामाचा, हे त्या भल्या माणसाला कसं समजावणार? मेकॅनिक गेला आणि मशीन नव्या नवरीसारखं कोपऱ्यात उभं राहिलं.

रविवारी मशीनमध्ये कपडे टाकले. पिळायची वेळ आली. आतून नुसती घूं घूं ऐकू आली, मशीनवर ठेवलेली साबणाची डबीसुद्धा हलली नाही. तपासनीस शेजारी उभे होते. फोन काढला, खिशात ठेवला, परत काढला. शेवटी लावला.

"बाबा! गेल्या रविवारी फोन नाही केलात. बरे आहात ना?"

"मशीन बिघडलं होतं."

"आता कुठून बोलताय? किती शांत आहे तिकडे!"

त्यांनी बोल्टांची हकिगत सांगितली. ती पोट धरून हसली. मग हसणं संपलं आणि दोघांनाही काही सुचेना. त्या शांततेत तिच्या घरातली खुर्ची सरकल्याचं त्यांना ऐकू आलं. तिनं घोट घेतल्याचं ऐकू आलं. एवढी वर्षं फोन करूनही लेकीच्या घरात आपण आज पहिल्यांदा शिरलो, असं त्यांना वाटलं.

"चला, ठेवते बाबा," ती म्हणाली आणि मग एकदम हलक्या आवाजात, सवयीनं बोलावं तसं म्हणाली, "या ना हो इकडे. आत्यालाही घेऊन या."

तपासनिसांनी भिंतीला हात टेकला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"फोन ठेवताना दर वेळी म्हणते की. तुम्ही बरं, बरं म्हणता आणि ठेवून देता. आधी मला वाटायचं, याल. खोलीसुद्धा लावून ठेवली होती तुमच्यासाठी. मग वाटलं, बाबांना यायचंच नाहीये, उगाच का आग्रह करायचा. आता तिथे नुसतं सामान भरून ठेवलंय."

ती दर रविवारी बोलावत होती आणि ते दर रविवारी बरं म्हणून तिला परतवून लावत होते. इकडे ते रुसून बसलेले, तिकडे ती. सांगायला पुष्कळ होतं, मला ऐकूच येत नव्हतं गं, मशीन फार वाजायचं.

"बाबा? आहात ना?"

"आहे," ते म्हणाले. "मला यायचंय, भिंगरे. तू गेलीस त्या दिवसापासून यायचंय. तू ते सामान काढ."