सप्टेंबरांच्या घरचा कोट

उर्सुला सप्टेंबरने चार दिवसांत दोनदा पडदे धुतले. लेक लिंडल अमेरिकेहून येत होती आणि सोबत तिथल्या टेरन्सला आणत होती. लग्न दोघांनी परस्पर ठरवलंच होतं. केपटाऊनच्या त्या गल्लीत बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही. शेजारच्या गदिजाने भिंतीवरून मान काढून विचारलंच, “मुलगा आहे कोण पण? आपल्यातला, मिश्र वंशाचा कलर्ड, की काळ्यांतला?”

“येऊ दे तर आधी.”

रविवारी टेरन्सने भाजलेलं मटण आणि बेदाण्यांचा पिवळा भात दोनदा मागून घेतला. उर्सुला विरघळली. तिच्या मते सर्वांत मोठं कौतुक तिने त्याच्या पदरात टाकलं. “बाळा, तू तर अगदी आमच्यासारखा कलर्ड दिसतोस. मी उगाच धास्तावले होते.”

टेरन्सने काटा खाली ठेवला.

“माझ्या आजीच्या गावात पाण्याच्या नळावर हा शब्द लिहिलेला असायचा,” तो सावकाश म्हणाला. “गोऱ्यांचा नळ वेगळा, तिने त्याच नळाचं पाणी प्यायचं. आम्ही काळे आहोत, आंटी. लिंडलही.”

“माझी पोर काळी नाही.” उर्सुलाचा आवाज चढला. “गोऱ्यांसाठी वस्ती रिकामी करताना आमचं घर ज्या सरकारी कागदाने गेलं, त्यावर हाच शब्द होता. घर गेलं, शब्द तेवढा उरला. त्यातच आम्ही संसार केले, लग्नं लावली, नाचलो. आता तोही काढून घेतोस?”

टेरन्स उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

लिंडल ओरडली नाही, हेच वाईट. “ममी, तो गेला तर मीही जाईन. आणि परत कधी येईन, ते मला सांगता येणार नाही.”

नवरा गेल्यावर उर्सुलाला होती ती हीच एक. मनातून ती अजून धुमसत होती, पण तीस वर्षं नवीन वर्षाच्या नाचपथकाचे साटीनचे कोट शिवणाऱ्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. भांडण असो नसो, माप घ्यायला जवळ जावंच लागतं. तिने टेप गळ्यात टाकली, पाटी-खडू घेतले आणि ओट्यावर गेली.

“हात वर कर.”

“कशाला?”

“आमच्यात नवरदेवाचा कोट घरीच शिवतात.”

तो उठला आणि त्याने हात वर केला. छाती मापून तिने पाटीवर आकडा लिहिला. “आडनाव काय तुझं?”

“कॅलवे. माझ्या खापरपणजोबांना ज्याने विकत घेतलं, त्याचं.”

खडू थांबला.

“आमच्या खापरपणजोबांना तेवढंही मिळालं नाही,” ती म्हणाली. “गुलामांच्या बोटीतून ज्या महिन्यात उतरवले, त्या महिन्याचंच नाव चिकटवलं.”

टेरन्सने दारावरची ‘सप्टेंबर’ अशी नावाची पाटी वाचली. मग पुन्हा वाचली.

“माझ्या जावेच्या माहेरचे फेब्रुवारीत उतरले,” उर्सुला म्हणाली. “लग्नात आमच्याकडे अर्धं कॅलेंडर जमतं.”

तो हसला, आणि मग डोळे पुसू लागला. तिने टेप त्याच्या हाताला लावली.

“तुला तो शब्द पुन्हा लावणार नाही. पण माझा मला राहू दे.”

“राहू दे. आणि लिंडलला?”

“तिला विचार. तिला तोंड आहे. दुसरा हात वर कर.”

सकाळी गदिजा भिंतीशी हजर. “मग? कोण निघाला?”

उर्सुलाच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या सावकाश काढल्या. “छाती बेचाळीस, बाही पंचवीस,” ती म्हणाली. “माझा जावई आहे.”