क्वांटम-सुरक्षित लाभार्थी

मी धनलक्ष्मी. भवानी पेठेतल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर एकोणीस वर्षं बसते. निम्म्या पेठेची दुखणी माझ्या पोटात हायत, पण एक शब्द बाहेर गेला न्हाय, असं मी छाती ठोकून सांगायची. सांगायची, म्हणजे मागच्या महिन्यापर्यंत.

मागच्या महिन्यात ट्रस्टचे सेक्रेटरी शिवराज सर पुण्याहून एक साहेब घेऊन आले. हॉल, प्रोजेक्टर, समोसे. बोर्डावर लिहिलेलं, 'क्वांटम तंत्रज्ञान आणि आपली जबाबदारी'. साहेब म्हणाले, पेशंटच्या फायली कॉम्प्युटरात कुलूपबंद हायत खऱ्या, पण चोर आज त्या कुलपासकट उचलून ठेवतील, आणि धा वर्षांनी क्वांटम मशीन आलं की सटकन उघडतील. म्हणून आत्ताच नवं कुलूप घाला, समिती नेमा. माणूस खोटं बोलत नव्हता, कळेल असं बोलत होता. पण समितीत कोण? शिवराज सर, सरांचे मेहुणे आणि सरांचे सीए. चौथी खुर्ची पेशंटच्या प्रतिनिधीची, ती रिकामी. मी विचारलं तर सर म्हणाले, "योग्य माणूस मिळत न्हाय हो." रोज दोनशे माणसं माझ्या खिडकीवर येतात, त्यात एक योग्य न्हाय! वा रे वा समिती.

नव्या कुलपासाठी प्रत्येक पेशंटची सही पाहिजे होती. म्हणून मी नीलम्माला बोलावलं. नीलम्मा मूळची वळसंग गावची, हितं दवाखान्याशेजारच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दोन वर्षांमागं तिला टीबी झालेला. सहा महिने न चुकता गोळ्या खाल्ल्या आणि ठणठणीत बरी झाली. पण शाळेत कुणाला माहीत नव्हतं. कळलं तर कुठली आई आपल्या पोराला तिच्या हातचं खाऊ देईल? नवरा न्हाय, दुसरं काम न्हाय. पेन हातात घेऊन ती लई वेळ उभी राहिली.

"अक्का, कुणाला कळणार न्हाय की?"

"अगं येडे, कळू नये म्हणूनच तर सही," मी म्हणलं. "धा वर्षांनी ते मशीन आलं तरी कळायचं न्हाय."

तिनं सही केली. सरांच्या न्हाय, माझ्या शब्दावर केली.

शंभर सह्या झाल्या आणि सरांच्या अंगात आलं. जबाबदार कारभार म्हणजे पारदर्शकता, लाभार्थ्यांची यादी लावलीच पाहिजे! आपल्याकडं शेळ्या वाटा न्हायतर शिलाई मशिनी वाटा, यादी लागल्याबिगर काम झालं असं कुणाला वाटतच न्हाय. मला म्हणाले, विभागवार नावं काढा आणि फ्लेक्सवाल्याला पाठवा. मी पाठवली. व्हय, मीच. यादी मागितली की द्यायची, ही एकोणीस वर्षांची सवय. अक्कल कुठं गहाण टाकली होती कोण जाणे. एक नाव चुकवलं न्हाय.

सोमवारी गेटवर दहा बाय सहाचा फ्लेक्स. वर सरांचा हात जोडलेला फोटो, आणि 'पहिल्या शंभर क्वांटम-सुरक्षित लाभार्थ्यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली रकाने. क्षयरोग विभाग, चौथं नाव, आडनावासकट नीलम्मा.

मी तशीच सरांच्या केबिनमध्ये घुसले. "सर, तो फ्लेक्स काढायला लावा आधी!"

"का? माझा फोटो बरा न्हाय आला?"

"लोकांचे आजार लिहिलेत त्याच्यावर!"

सरांनी चहा संपवला. "बाई, घाबरू नका. कॉम्प्युटर तपासून बघा, एक फाईल फुटलेली न्हाय. फ्लेक्स काही डेटात येत न्हाय. पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

जळलं मेलं ते कुलूप! दाराला कुलूप घालायचं आणि भिंत पाडून ठेवायची, ह्याला म्हणे जबाबदारी. मी ड्रॉवरमधलं ब्लेड घेतलं, गेटवर गेले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. पण तोवर शाळा सुटली होती. पोरांना न्यायला येणाऱ्या आया त्याच गेटवरनं जातात.

दुसऱ्या दिवशी दुपारी नीलम्मा खिडकीवर आली. खिचडीच्या वेळेला ती कधी येत न्हाय. हातात शाळेचा एप्रन होता.

"मोठ्या बाई म्हणाल्या, उद्यापासून येऊ नको. रागावल्या न्हायत. तोंडाला पदर लावून लांबनंच बोलल्या." मग ती खिडकीच्या अगदी जवळ आली. "अक्का, ते मशीन एवढ्यात आलं व्हय? तू तर धा वर्षं म्हणाली होतीस की."

व्हय म्हणाले असते तर सुटले असते. तिनं मानलंही असतं.

"मशीन न्हाय आलं, नीलम्मा. यादी मी दिली."

तिनं एप्रनची घडी घातली आणि पिशवीत टाकली.

"मग आमाला मशिनाचं भ्या कशाला घातलंस, अक्का," ती म्हणाली, आणि रांग ओलांडून निघून गेली.