आकाराम आजोबांचा बेडका

मी एक जुनी काचेची नळी आहे. फूटभर उंच, पेन्सिलीहून बारीक आणि अंगभर आकडे. मित्रांनो, गडहिंग्लजला एसटी स्टँडमागे संयोगिता मॅडमची लॅब आहे. तिथे माझ्यात रक्त भरून मला तासभर उभे करतात. अंगात कुठे दाह असेल तर रक्तातल्या लाल पेशी भरभर खाली बसतात. किती बसल्या ते मी सांगते. याला ईएसआर म्हणतात. जराशी तिरकी झाले तरी आकडा चुकतो, म्हणून मी ताठ असते. कुणी त्याला तोरा म्हणतात. म्हणोत बापडे.

पुढे शेजारी सीआरपीचे यंत्र आले. ते अंगातला दाह काही मिनिटांत सांगते. मग मला कोण विचारतो? धूळ खात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात ते यंत्र बिघडले आणि त्याच दिवशी आकाराम आजोबा खोकत आले. खोकला दोन महिन्यांचा, पण थुंकीच्या तपासणीत क्षयरोग सापडला नव्हता. त्यामुळे स्वारी खुशीत होती.

"गुऱ्हाळाचा धूर हाय ओ, मॅडम. रसाच्या काहिलीम्होरं बसलं की हुतंयच."

घरी सहा महिन्यांची नात राजनंदिनी दिवसभर त्यांच्याच मांडीवर असायची. ते ऐकून मी घाबरले. क्षय असला तर बाळालाही लागायचा.

मॅडमनी मला धुऊन पुसून माझ्यात आजोबांचे रक्त भरले. तासाने आकडा आला शंभर. तो विसाच्या आत हवा. मी रोगाचे नाव सांगू शकत नाही. दाह कशानेही होतो. पण मॅडमना शंका आली.

"आजोबा, तपासायला छातीतला बेडका दिलता, की नुसती थुंकी?"

आजोबांनी मान खाली घातली. "बाईमाणसाम्होरं खाकरायचं कसं? तोंडातली थुकी दिली."

"मग जंतू कुठनं घावणार? उद्या सकाळी घरामागं परड्यात जावा आणि छातीतनं खाकरा."

त्या बेडक्यात क्षयाचे जंतू सापडले. आजोबांना औषधे सुरू झाली. बाळाला लागण झाली नव्हती. तरी डॉक्टरांनी तिलाही खबरदारीचे औषध दिले. सहा महिन्यांनी आजोबा बरे झाले आणि नातीला कडेवर घेऊन पेढे द्यायला आले. बाकावर एक माणूस रिकामी डबी हातात घेऊन अवघडून बसला होता.

"पावणं, लाजू नगासा," आजोबा म्हणाले. "माझ्या लाजंपायी ही पोर आजारी पडली असती की."

तो माणूस डबी घेऊन उठला आणि मागच्या दाराने बाहेर गेला. त्याचे खाकरणे पार आत ऐकू आले. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, मी फुटले तर नवी नळी आणता येईल. पण माणसाचे तसे नाही. खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर तपासणीसाठी तुम्हीही असेच मोकळेपणी खाकरा. घरातल्या लहानग्यांसाठी तरी.