डावीकडचा खिसा

आचलला पाहायला राजुऱ्याची मंडळी ओसरीवर येऊन बसली होती, आणि तिची आजी, घरच्या कर्त्या अनसूयाबाई, आतल्या खोलीत कडी लावून उभ्या होत्या. डावा स्तन काढून दोन महिने झाले होते. काखेखालची सूज अजून उतरली नव्हती. घट्ट काही घालू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी त्यांनी आज जुनी ब्रा चढवली. पट्टा सुजेत रुतला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तशी त्यांनी ती काढून टाकली. आता ब्लाउजची डावी बाजू पोकळ लोंबत होती. असे चारचौघांत जाणे त्यांच्याने होईना.

"बाई, लोकं वाट पाहून राह्यले," सून कुंता दाराशी म्हणाली.

"सांग त्यायले, मले बरं नाई."

"मंग बोलणी कोण करन? तुमचा लेक? तो तर पाव्हण्यायले पाणी देतानाच थरथरते."

कडी निघाली. कुंताने एक जुनी सुती बंडी पुढे धरली.

"तुह्या सासऱ्याची? मी माणसाचे कपडे घालू?"

"ब्लाउजच्या आत कोण पाहते? समोर बटनं हायेत, हात वर करा लागत नाई. आतला खिसा डावीकडंच हाये, त्यात मऊ फडकं ठेवलं मी."

अनसूयाबाईंनी बंडी घातली. कापड कुठेच रुतले नाही. वरून ब्लाउज घालून, पदर नीट घेऊन त्या ओसरीवर आल्या आणि पाहुण्यांसमोर ताठ बसल्या.

"पोरीले मंग पाहा. अगोदर सांगा, पोरगा काय करते?"