शेजारची सीट

...अंगठ्याच्या नखाएवढं बटण. काळं, गोल, कडेला बारीक खाचा, जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असायचं तसलं. डॅशबोर्डच्या पोटाखाली, मधोमध, मुद्दाम हात घातला तरच लागेल अशा जागी मिस्त्रीनं ते बसवलं होतं, आणि ड्रायव्हरच्या सीटवरून मान वाकडी करून तो त्याच्याकडे बघत होता — एवढंसं बटण, आणि त्यासाठी ही गाडी दोन महिने पोट फाडून इथं गॅरेजात पडून होती...

"उजवीकडं फिरवलं की स्टिअरिंग लोणी," मिस्त्री दारात ओणवा होऊन म्हणाला. "डावीकडं टोकाला नेलं की तुमची जुनी गाडी. मोटर असून नसल्यासारखी. म्हटलं, डॉक्टरांना सवय आहे, एकदम सगळं काढून नको घ्यायला."

काढून नको घ्यायला! म्हणजे काढून घेतलंय हे या माणसालाही ठाऊक होतं. आणि ठाऊक असून तो दात काढत होता. दातांकडे त्याचं लक्ष गेलंच — खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेले. दवाखाना बंद केला तरी ही खोड जात नाही, समोरचा माणूस हसला की आधी त्याचं तोंड दिसतं, मग हसू.

"आणि कार्पेट काढून झाडून परत घातलंय. पण शेजारच्या सीटपुढं कशानं खाल्लंय हो? उंदीर?"

"ओल लागली असेल," तो न बघताच म्हणाला. त्या बाजूला तो कधी बसलाच नव्हता.

कशाला बसेल? ही गाडी — दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची, छप्पर उघडलं की रस्त्यानं जाणाऱ्यांनी थबकून बघावं अशी — ही गाडी चालवायची त्यानंच, हे इतकं ठरून गेलेलं होतं की ते कधी कुणी ठरवलं नव्हतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवायचं म्हणजे गच्च बसलेल्या बरणीचं झाकण उघडायचं, तेही खांद्यापासून जोर लावून. आणि ब्रेक नुसता दाबून भागत नसे, त्यावर उभं राहावं लागे. मेहुणा एकदा मोठ्या तोऱ्यात चावी फिरवत बसला होता आणि गल्लीच्या तोंडाशीच घाम पुसत उतरला होता. "दाजी, ही गाडी नाही, हा बैल आहे!" — हा किस्सा त्यानं किती वेळा सांगितला असेल? पाहुणे जमले की सांगायचा, आणि सांगताना नकळत आपला उजवा हात टेबलावर ठेवायचा, दाढा उपटून उपटून भरलेलं मनगट सगळ्यांना दिसेल असा. बायको चहाचे कप गोळा करत असायची. हसायचीही. हसायची ना?

मग एके दिवशी रोपवाटिकेच्या वळणावर खांदा सुटला. म्हणजे दुखला नाही — सुटला, हात स्टिअरिंगवर होता आणि हातात काही नव्हतं, आणि गाडी पदपथावर चढून कुंड्यांच्या रांगेत घुसली. शेजारून बायकोनं एवढंच विचारलं, "लागलं का हो तुम्हाला?" त्यानंतर गाडी ताडपत्रीखाली. ती तशीच गंजून गेली असती तर दुःख झालं असतं, पण ते दुःख त्याला परवडलं असतं. आपल्यानंतर कुणाची नाही, एवढं तरी राहिलं असतं. पण एका सकाळी बायको पडद्याच्या कापडाला खडूनं खुणा करता करता मान वर न करता म्हणाली, "जुन्या गाड्यांना ते पॉवर स्टिअरिंग बसवतात म्हणे. ब्रेकलाही बूस्टर मिळतो. मी चालवीन."

तो हसला होता. मोठ्यानं. आणि ती पुढच्याच आठवड्यात शिवणाच्या दुकानातून परस्पर या गॅरेजमध्ये येऊन सगळं बोलून गेली होती.

"चला, एक चक्कर मारून बघा," मिस्त्री शेजारी बसत म्हणाला.

गॅरेजमागचं आवार मोठं होतं. कडेला तेलाची रिकामी पिंपं, मध्ये सिमेंट. त्यानं गाडी सुरू केली. इंजिनाचा आवाज तोच होता, तेवढ्यानं डोळे भरून येतात की काय असं त्याला वाटलं. मग त्यानं नेहमीसारखा खांदा दिला — दुखरा तर दुखरा — आणि स्टिअरिंग असं गरकन फिरलं की गाडी वळायच्या ऐवजी पिंपांवर धावली. तो ब्रेकवर उभा राहिला. गाडी जागच्या जागी खिळली, मिस्त्रीचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं.

"डॉक्टर, दाढ नाही काढायची!" मिस्त्री खो खो हसत सुटला. "हळू. नुसतं सांगायचं तिला, ओढायचं नाही."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. हात आपला जोर घेऊन जात आणि समोर जोर घ्यायला कुणीच नसे, पायरी आहे समजून अंधारात पाय टाकावा तसं. इतक्या वर्षांची सगळी ताकद, जिच्यावर तो मिरवला, तीच आता चूक ठरत होती. तिसऱ्यांदा गाडी आचके देत थांबली तेव्हा फाटकातून बायको आत येत होती, मोजायची टेप गळ्यात तशीच अडकवून, आणि तिनं ते पाहिलं.

तिनं नुसती गळ्यातली टेप सोडवून गुंडाळायला घेतली. काही म्हणाली असती तर बरं.

चहा आला. "हा वहिनींचा, बिनसाखरेचा," मिस्त्रीनं पेला वेगळा काढून दिला. बिनसाखरेचा? कधीपासून? घरी तिचा चहा तीच करून घेते, आपण पेपर वाचत असतो... या माणसाला माहीत आहे, आणि मला माहीत नाही. मी जळतोय. सरळ गोष्ट आहे, तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. या वयात, एका साठी ओलांडलेल्या ढेरपोट्या मिस्त्रीवर, ज्याला घरी दोन सुना आहेत, एका चहाच्या पेल्यावरून मी जळतोय. पण मिस्त्रीवरच का? ड्रायव्हरच्या सीटवर आल्याबरोबर ठेवलेली ती फुलाफुलांची उशी आहे ना — तिनं स्वतः शिवून आणलेली, तिला उंची पुरावी म्हणून — त्या उशीवरही. आणि गाडीवर तर सगळ्यात जास्त. इतकी वर्षं दुसऱ्या कुणाला दाद न देणारी, आणि आता मोटर बसवली तर कुणाच्याही बोटावर वळायला तयार.

ती उशीवर बसली. चपला काढून तिनं पेडलवर पाय ठेवला, आणि त्याला तो पाय ओळखीचा वाटला. शिलाई मशीनच्या पेडलवर असाच असतो, टाच टेकलेली, चवडा तरंगता, एक टाका पुढं टाकायचा तर एकच टाका पडेल इतका हलका. गाडी सरकली. पिंपांना वळसा घालून, सिमेंटच्या कडेकडेनं, जणू कापडाच्या काठावरून टीप घालत, ती एक फेरी मारून आली आणि अशी थांबली की बॉनेटवर ठेवलेला मिस्त्रीचा रिकामा पेला हललाही नाही.

"वा, वहिनी! याला म्हणतात हात."

"पाय म्हणा," ती म्हणाली, आणि हसली. हे हसू त्यानं पाहिलेलं नव्हतं. की पाहिलं होतं, फार पूर्वी, लक्ष न देता?

घरी तीच नेणार, हे आता कुणी बोलायचीही गरज नव्हती. ती नळावर हात धुवायला गेली, मिस्त्री काढलेले जुने भाग खोक्यात भरून आणायला आत गेला. तो शेजारच्या सीटवर बसला — पहिल्यांदाच — आणि बसल्या बसल्या त्याचा हात डॅशबोर्डखाली गेला. खाचा अंगठ्याला लागल्या. त्यानं बटण डावीकडे फिरवलं. टोकापर्यंत. आवाजसुद्धा झाला नाही... कुणी विचारलंच तर म्हणेन, बसताना गुडघा लागला असेल. आणि तिला काय होणार आहे? ती गाडी थांबवेल, मनगट चोळेल, म्हणेल, नाही हो जमत मला, तुम्हीच घ्या. एवढंच. एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

फाटकातून बाहेर वळतानाच तिची बोटं पांढरी झाली.

"जड झालं का हो हे?"

"गाडी पहिल्यापासून जडच आहे."

तिनं पकड आणखी घट्ट केली. त्याला आतून गुदगुल्या झाल्या, आणि त्यांची लाज वाटली, पण गुदगुल्या काही थांबल्या नाहीत. आता थांबवेल. त्या दिव्यापाशी थांबवेल. पण पुढच्या वळणावर तिनं दोन्ही हात वर सरकवले, अंग पुढं टाकलं आणि खांद्यापासून ओढलं — अगदी त्याच्यासारखं, त्याचाच तो झोक, श्वास आधी रोखून मग सोडण्याची तीच तऱ्हा. कुणी शिकवलं हिला? कुणी नाही. इथं बसून, इतकी वर्षं, ती नुसती वारा खात नव्हती तर. त्याचा तिळपापड झाला. निदान एवढं तरी आपलं राहायला हवं होतं.

समोर एक टेम्पो अचानक थांबला. त्याचा पाय दाबला गेला.

तिथं पेडल नव्हतं. जमीनच होती, पण बुटाचं टोक सपाट जमिनीवर न टेकता कशात तरी बसलं. गाडी तिनं केव्हाच हळुवार थांबवली होती. त्यानं खाली पाहिलं. कार्पेटला अर्धचंद्रासारखी झीज, वरची लव जाऊन खालचं सुतळीचं विणकाम उघडं पडलेलं, आणि त्याच्याखाली, वीतभर अंतरावर, टाचेचं गोल भोक. उंदीर असं खात नाही. ओल असं कुजवत नाही.

टेम्पो हलला. पुढं एक सायकलवाला आडवा आला आणि त्याचा पाय पुन्हा त्याच जागी गेला, पुन्हा दाबला गेला, पोटरीत गोळा येईपर्यंत.

"नाही लागत तो," ती रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली. "मी इतकी वर्षं दाबून पाहिलाय."

थट्टा होती का? तिच्या आवाजावरून कळेना. कानाशी एक बट घामानं चिकटली होती. तो उताराचा रस्ता त्याला आठवला, जिथं तो मुद्दाम गिअर सोडून द्यायचा. पावसात मालमोटारींच्या मधून काढलेली गाडी. "आमची ही कधी घाबरत नाही बरं का" — हे तो लोकांना सांगायचा, आणि ती कप गोळा करायची... मांडीवर पर्स, चेहरा समोर, वाऱ्यानं उडणारा पदर एका हातानं धरलेला. चेहऱ्याकडेच पाहिलं आपण, तेही क्वचित. पायाकडे कोण बघतं? एवढं कार्पेट झिजायला एका माणसाला किती वेळा घाबरावं लागतं?

आणि समोर रोपवाटिका दिसू लागली. कुंड्यांची रांग पुन्हा लावलेली होती.

तिनं हात वर सरकवले. तिचा श्वास आता ऐकू येत होता. त्याचा हात डॅशबोर्डखाली गेला, बटण सापडलं, आणि तिथंच त्याच्या लक्षात आलं: आता, ती सगळा जोर लावत असताना, हे उजवीकडे फिरवलं तर स्टिअरिंग तिच्या हातात गरकन फिरेल, तेलाच्या पिंपांवर धावली तशी गाडी कुंड्यांवर धावेल. गुपचूप केलेलं गुपचूप मिटवायची वेळ गेली होती. आता एकच — सांगायचं. थांबव म्हणायचं, मी केलंय म्हणायचं. आयुष्यभर लोकांना "आ करा" म्हणत आलेल्या माणसाला स्वतःचं तोंड उघडेना.

ती वळू लागली. खांदा, झोक, रोखलेला श्वास. त्यानं बटणावरचा हात हळूच काढून मांडीवर ठेवला, पर्स असती तर धरली असती. हेवा गेला नव्हता. पण तो आता तिच्या हातांचा नव्हता, त्या उशीचा नव्हता, मिस्त्रीच्या चहाचा तर नव्हताच. इथं, या सीटवर, इतक्या वर्षांत एकदाही न ओरडता तिला बसता आलं होतं, आणि त्याला एका वळणापुरतंही बसवत नव्हतं. त्याचा पाय त्या झिजलेल्या खळग्यात होता. तो दाबत राहिला.